तंग आवळताना

सुनेने घोडीच्या पोटाखालून हात घातला, पलीकडे लोंबणारा पट्टा पकडला, आणि नेमका तेव्हाच मागच्या शेडचा पत्रा वाऱ्याने धाडकन आपटला.

घोडी थरारली. पाठीवर नुसतंच ठेवलेलं खोगीर बोटभर सरकलं. सुनेचा हात पोटाखालीच राहिला आणि गाल बरगड्यांना टेकला. कानात ठोके पडत होते. घोडीचे की स्वतःचे, ते कळायला मार्ग नव्हता.

घोडीच्या तोंडासमोर सासू दोर सैल धरून उभी होती.

तरण्या घोडीवर पहिल्यांदा खोगीर चढवताना खरी धास्ती खोगिराची नसते, तंगाची असते. तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा हाच पट्टा. तो बांधून होण्याआधी घोडी उधळली, तर खोगीर फिरून पोटाखाली जातं, पायांत आपटत राहतं, आणि मग समोर कोण उभं आहे हे जनावर बघत नाही. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा समोर सुनेचा नवरा उभा होता. सासूचा एकुलता एक मुलगा.

तो गेल्याला आठवडा उलटला नाही तोच सासू पुन्हा तबेल्यात जाऊ लागली. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. सुनेलाही तसंच वाटलं. घरात त्याचा विषय निघत नसे. सासू सकाळी उठायची आणि लोकांची शिंगरं शिकवायची. आधी अंगावरून हात, मग फडकं, मग जाड चादर. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही. जे काही पाठीवर ठेवलं, ते शिंगरू बिचकायच्या आत उचलून घ्यायचं. माणसांशी मात्र इतक्या गोडीने वागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मग सासूच्या बोटांचे सांधे आखडले. तंगाचं बक्कल तिला ओढवेना. एक जण तोंडाशी, एक जण तंगाशी, असं हे दोन माणसांचं काम, आणि घरात माणसं दोनच. सून तर रस्त्यात घोडागाडी दिसली तरी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाणारी. पण घर याच कामावर चालत होतं. नाही म्हणून सांगणार कुणाला?

सासू तिला रोज बोलवायची. आधी नुसतं कुंपणाशी उभं केलं. मग आत घेतलं. मग घोडीच्या मानेवर हात ठेवायला लावला. आणि हात जरा कुठे स्थिरावतोय, तोच तुटकपणे म्हणायची, ''बास. जा घरात.'' सुनेला ते फार झोंबायचं. हिने बोलावलं की यायचं, हाकललं की जायचं, मी काय वाटेवर पडले आहे का, असं ती भांडी आदळत भांड्यांनाच विचारायची.

आज मात्र तिला तेच शब्द ऐकायचे होते. सासूने एकदा म्हणावं, की पट्टा टाकून धूम ठोकायची. पायांनी तर केव्हाच तयारी केली होती. पण पट्टा टाकला की खोगीर फिरणार, आणि समोर आखडल्या हातांची म्हातारी.

तिने मान वळवून पाहिलं. सासू तिच्याकडेच बघत होती. चेहरा नेहमीसारखाच घट्ट. ओठ जरासे उघडे, पण शब्द नाही.

ही आज मला जा म्हणत नाही, हे सुनेच्या लक्षात आलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा या बाईने तिच्यावर काहीतरी सोपवलं होतं. भीती गेली नाही. पण भीतीसकट उभं राहणं, एवढं तिला जमलं.

''थांब गं बाई,'' ती घोडीला म्हणाली. ''मी पण थांबलेय.''

तिने पट्टा अलीकडे ओढून बक्कलात घातला. पहिलं भोक. घोडीने पोट फुगवलं, पाठीची कमान केली, एक पाऊल मागे टाकलं. सून तिच्याबरोबर मागे सरकली. दुसरं भोक. घोडीने लांब फुरफुर केली, मान खाली घातली आणि ओठ चाटले.

सुनेला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. पट्टा बसला होता, आणि त्याबरोबर रोजचं ते हाकलणंही तिला उमगलं होतं.

''आई, तुम्ही मलाही शिंगरासारखंच शिकवत होतात ना? मी बिचकायच्या आत घरात पाठवायचात. आणि आज मी पळणार नाही हे ओळखलंत, म्हणून गप्प राहिलात.''

सासूने दोर तिच्या हातात दिला. देता देता तो तिच्या बोटांतून जवळजवळ सुटलाच. कुंपणाचा खांब धरून ती हळूहळू जमिनीवर बसली.

''कसलं शिकवणं घेऊन बसलीस,'' ती म्हणाली. ''तू घोडीजवळ गेलीस की मला तोच दिसायचा. बघवत नव्हतं, म्हणून घालवून देत होते.''

''मग आज?''

सासूने तोंडावरून हात फिरवला.

''आजही जा म्हणायलाच तोंड उघडलं होतं गं. घशातून आवाजच फुटला नाही.''