स्पॅममधले पाच मेल

दोनशेवी जाहिरात डिलीट करून तक्रार विभागातल्या बाईंचं बोट अचानक थांबलं.

कारखाना कृत्रिम पायांचा. बाईंच्या संगणकावर रोज तीनेकशे मेल येऊन आदळत. चपलांवर सूट, फुकट सहल, कुठल्याशा परिसंवादाची निमंत्रणं, वर साहेबांनी सरसकट सगळ्यांना धाडलेली 'माहितीसाठी' पत्रं. ते उपसण्यातच अर्धा दिवस जाई आणि खऱ्या तक्रारी ताटकळत राहत. शेवटी बाई हट्टाला पेटल्या. या आठवड्यात हा उकिरडा तळापर्यंत उपसायचाच, स्पॅमसकट. शेजारच्या टेबलावरचे हसले, हसोत.

स्पॅममध्ये एकाच पत्त्यावरून आलेले पाच मेल होते. पहिला दोन महिन्यांपूर्वीचा. सोबत फोटो, घोट्याशी सैल झालेल्या स्क्रूचा. 'चालताना लेक पडली. जिन्यावर असती तर?'

पुढचे चार बाईंनी उघडलेच नाहीत. तक्रार कळली होती. फोटो छापून घेऊन त्या तडक खाली गेल्या.

फोरमननं चष्मा कपाळावर सरकवला. "रीतसर मेल टाका बाई, बघतो."

"मेल नाही. आत्ता, माझ्यासमोर बघा."

त्यानं कुरकुरत फळीवरचे तीन पाय उतरवून हलवले. त्यातल्या दोन पायांचे घोटे खुळखुळले. फोरमनचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी काम थांबलं. त्या बनावटीचे पाय नेलेली एकशे बारा घरं होती. बाईंनी स्वतः एकेकाला फोन लावला. घसा बसला, पण खुर्ची सोडली नाही. खाली फोरमन आणि इंजिनीअर डोकेफोड करत होते. स्क्रू आवळला की घोटा वळेना, वळेल इतका ठेवला की पुन्हा सैल. चार दिवस गेले, काही जमेना.

ते मेल लिहिणाऱ्या, त्या मुलीच्या आईचा फोन तेवढा लागत नव्हता. पाचव्या दिवशी लागला.

"ताई, चूक आमची. तुमच्या लेकीचा पाय उद्याच बदलून देतो."

"कशाला? तो मी केव्हाच नीट केला. घड्याळं दुरुस्त करते मी. कसा केला ते पुढच्या चारही मेलमध्ये चित्र काढून पाठवलंय की!"

बाईंनी घाईघाईनं दुसरा मेल उघडला. सुबक चित्र होतं. स्क्रूखाली बसवायची एक बारीक, किंचित वाकवलेली चकती. मापासकट. मागे येऊन उभा राहिलेला फोरमन वाकून बघतच राहिला.

बाईंनी फोन पुन्हा कानाशी धरला. "पण तुमचं काम तर झालं होतं," त्या म्हणाल्या, "मग उत्तर येत नसताना चार-चारदा का लिहीत राहिलात?"

"अहो, तो पाय घालणारी माझी एकटीच लेक आहे का?"