फाटकावरची बैलजोडी

पारशिवनीजवळच्या आपल्या शंभर वर्षांच्या शेतीवर अंकुरनं कृषी पर्यटन केंद्र काढलं. फाटकाशी सिमेंटची बैलजोडी उभी केली आणि खाली झोकात पाटी लावली : 'बाहत्तरच्या दुष्काळात आजोबांच्या हिऱ्या-मोत्यानं मोट ओढून संत्र्याचा बगीचा जगवला.'

उद्घाटनाला नागपूरहून आलेले पाहुणे जोडीसोबत सेल्फी काढत होते. मैनाआत्या मात्र मोत्याला वळसा घालून गेली आणि हिऱ्याच्या पायावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. अंकुरला हसूच आलं.

"मोत्याच्याबी पाया पड नं वं आत्या! दोघायनं मिळून वाचवला नं बगीचा?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"हिऱ्या तं त्या साली पोळ्याच्या आधीच मेला होता गा. त्याच्या जागी तुह्या आजानं तुह्या आजीले जुपलं होतं."