सहा वर्षांनी केलेला फोन

लमार आणि आर्डिथ टोल्मन हे आयडाहोचं निवृत्त जोडपं कोपनहेगनला चर्चच्या मिशन कार्यालयात दीड वर्षाच्या सेवेला आलं होतं. त्या आठवड्यात ब्रिएल या वीस वर्षांच्या मिशनरी मुलीचे वडील तिकडे अमेरिकेत वारले.

"जाऊन ये गं घरी," आर्डिथ म्हणाली.

"नको, सिस्टर," चर्चच्या रीतीने हाक मारत ब्रिएल म्हणाली. "सेवा अर्धवट टाकलेली बाबांना आवडली नसती."

शुक्रवारी संध्याकाळी तिघांनी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर अंत्यविधी पाहिला. शवपेटी खाली जाऊ लागली तशी ब्रिएल रडत म्हणाली, "दर सोमवारी बोलायचो आम्ही. तेच तेच शिळे विनोद सांगायचे, आणि स्वतःच हसायचे."

लमार उठून व्हरांड्यात गेला. त्याचा आणि आर्डिथचा मुलगा ब्रेंट सहा वर्षांपूर्वी चर्च सोडून गेला, तेव्हापासून लमार त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. फोन करायची ती आर्डिथच. आज मात्र त्याने स्वतः नंबर लावला.

"ब्रेंट, मी बाबा बोलतोय."





ब्रेंटने रडवेल्या आवाजात विचारलं, "कधी गेली आई?"