आई बोलणार नाही

"डॉक्टर, तुम्ही सरळ गर्भपिशवीच काढून टाका," खुर्चीत नीट टेकायच्या आतच आई म्हणाली. "म्हणजे पुढची कटकट नको."

जिची पिशवी काढायची, ती शेजारच्या खुर्चीत बसली होती. वय सव्वीस, लग्नाला दोन महिने, आणि तरी घरात अजून छकुलीच. तिची समज जरा सावकाश चालायची, पण चालायची. पलीकडे तिचा नवरा, तोही तिच्यासारखाच. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फोटो काढायला बसल्यासारखा बसलेला. दोघं वेफर्सच्या एकाच कारखान्यात कामाला होते. तो खोक्यांवर लेबलं चिकटवायचा, ती पाकिटं तपासायची.

"पाळी नियमित येते का?" डॉक्टरबाईंनी छकुलीला विचारलं.

"येते," आई म्हणाली.

"पोटात दुखतं?"

"पहिल्या दिवशी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला आई इथे बसलेल्या हव्यात की बाहेर?"

छकुलीने मागे वळून पाहिलं. मागे फक्त वजनकाटा होता. म्हणजे 'तुम्ही' आपल्यालाच म्हटलं हे तिच्या लक्षात आलं, आणि ती जरा ताठ बसली.

"आई असू दे. पण ती मधे बोलणार."

"नाही बोलणार," आई बोलली.

आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. तिची साठी उलटली होती, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. उद्या या दोघांना मूल झालं आणि परवा आपण गेलो, तर तिघांकडे बघायचं कुणी? लग्न ठरल्यापासून रोज हाच घोर. तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि ओठ मिटले.

डॉक्टरांनी एक ट्रे पुढे सरकवला. ही गोळी, रोज एक घ्यायची. हे इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक. ही तांबी, आत पिशवीत बसवायची. हा कंडोम, तो यांनी वापरायचा. प्रत्येक वस्तू त्यांनी सावकाश समजावली, आणि "आता तुम्ही मला सांगा" म्हणून दोघांकडून परत ऐकली. नवरा कंडोमपाशी लाजला, पण चुकला नाही.

छकुली मात्र त्या कंडोमच्या पाकिटावरच अडली. तिने ते अंगठ्याने दाबलं. उलटं करून परत दाबलं. मग ट्रेच्या बाहेर, टेबलाच्या कडेला ठेवून दिलं.

"काय झालं?"

"यात हवा नाही. रिजेक्ट."

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. खरंच, पाकीट कुठेतरी फाटलं होतं आणि चपटं झालं होतं. वर्षभर ट्रेमध्ये होतं ते. निदान पन्नास जोडप्यांना दाखवून झालं असेल, त्यांतली काही चांगली शिकलीसवरलेली. डॉक्टर मनापासून हसल्या. आईने तोंड उघडलं, आणि आठवण होऊन मिटलं.

"रोजची गोळी मी देईन हिला," नवरा म्हणाला. "सकाळचा भोंगा झाला की लगेच."

"रविवारी भोंगा नसतो," छकुली म्हणाली.

त्याने विचार केला. "नसतो," त्याने मान्य केलं.

तिने तांबी हातात घेतली. "ही किती दिवस चालते?"

"दहा वर्षं. पण तुम्ही म्हणाल तेव्हा काढता येते."

"काढल्यावर बाळ होतं?"

"होऊ शकतं."

"आणि पिशवी काढल्यावर?"

"मग कधीच नाही. ती परत बसवता येत नाही."

छकुली नवऱ्याकडे वळली. "तुला काय वाटतं?"

"आत्ता बाळ नको," तो म्हणाला. "आपल्याला अजून आपलाच भात जमत नाही."

"आत्ता नको," तीही म्हणाली. मग डॉक्टरांकडे बघून एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "पिशवी राहू दे. तांबी बसवा. पुढे आम्ही बोलू आणि परत येऊ."

"बसवताना दुखेल. पाळीत दुखतं त्याहून जास्त, पण थोडाच वेळ. सुरुवातीचे काही महिने अंगावरूनही जास्त जाईल."

"चालेल. तुम्ही आधी सांगितलंत ना."

तांबी बसवण्याआधी तपासणी करायची होती, तिची तारीख डॉक्टरांनी दिली. ती छकुलीने स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकली, आणि नवऱ्याने त्याच्या. मग डॉक्टर आईकडे वळल्या. "आता बोला."

बोलायला आईकडे सकाळपासून पुष्कळ होतं. प्रत्यक्षात ती ट्रेकडे बघत राहिली.

"एवढे प्रकार असतात होय," ती म्हणाली. मग मांडीवरची पर्स बाजूला ठेवून म्हणाली, "हिच्यानंतर माझं ऑपरेशन केलं. घरात ठरलं तसं. दुसरंही असंच झालं तर काय, म्हणून. आत डॉक्टरांशी सासूबाई बोलत होत्या. मी हिला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले होते."

छकुलीने खुर्ची आईकडे वळवली.

"तुला हवं होतं अजून एक बाळ?"



"हवं होतं," आई म्हणाली. "तुझ्यासारखं असतं तरी हवं होतं."

"मग तेव्हा बोलायचं ना गं," छकुली म्हणाली.