मनगटाचा दोष

"काकू, गाडी राहू द्या, तुम्ही सुईत दोराच ओवा!" ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर खेकसले. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी अपमान गिळला. परीक्षा उद्यावर आली, तरी म्हाताऱ्या गाडीचा पहिला गिअर अडूनच बसला होता. मास्तर रोज त्यांच्या मनगटाचा उद्धार करत. आज काकूंनी इंजिन बंद करून गिअर टाकला, अलगद पडला. इंजिन चालू करताच पुन्हा खरखर. म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत होता, क्लचच पूर्ण दबत नव्हता. शिलाई मशिनवर तीस वर्षं झिजलेल्या पायाला खात्री पटली. काकू वाकल्या. मास्तरांच्या बाजूलाही क्लच होता, काकूंच्या क्लचला जोडलेला. त्याखाली मास्तर रोज आरामासाठी काढून ठेवत तो बूट अडकला होता. काकूंनी तो मेलेल्या उंदरासारखा चिमटीत उचलून मास्तरांच्या मांडीवर टाकला. गिअर पडला. "मास्तर, गाडी राहू द्या, तुम्ही आधी बूट घालायला शिका."