खंडेनवमीचं हत्यार

दोन हजार तीनच्या खंडेनवमीला आसावरीनं चँडलर या अमेरिकन शहरातल्या आपल्या घरात पाट मांडला. त्यावर आपला लॅपटॉप आणि नवऱ्याचा टूलबॉक्स ठेवून हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात शेजारचे वॉल्टरकाका लिंबं घेऊन आले. "हे काय?" "ज्यांच्या जिवावर पोट भरतं, त्या हत्यारांची पूजा, काका. आज त्यांना सुट्टी." नव्वदीचे काका तरुणपणी व्यावसायिक बेसबॉल खेळायचे, पिचर होते. चेंडू फेकणं हीच भाकरी. ऐन उमेदीत उजवा खांदा फेकीसाठी निकामी झाला आणि सगळं संपलं. त्या दगाबाज हाताला ते अजून शिव्या घालत. "तुमचा जुना चेंडू आणता? पूजेत ठेवू," ती म्हणाली. "चेंडू क्लबचा होता," म्हणत काका भिंतीला धरून खाली बसले. बाही सरसावून त्यांनी उजवा हात पाटावर ठेवला. आसावरीनं मनगटाला हळदकुंकू लावलं. नंतर चहा आला. काकांनी कप डाव्या हातानं उचलला.