डोळ्यांची रांग

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हरबा पुन्हा डोळ्यांच्या रांगेत बसला होता. शेजारचं दार मनाच्या आजारांच्या डॉक्टरांचं. कुणी ओळखीचं नाही हे बघून तिकडे शिरायचं, असं तो दर खेपेला ठरवायचा आणि तसाच घरी परतायचा.

आज नेमक्या गल्लीतल्या शेवंतामावशी बाजूला टेकल्या. "हरबा, तुलाही मोतीबिंदू? मला वाटलं, त्या वेड्यांच्या डॉक्टरकडं आलास की काय."

हरबा मान डोलावणार होता. पण खोटं बोलून घरी गेलं, की पुन्हा तेच अंथरूण आणि तेच छताकडे बघणं.

"डोळे ठणठणीत आहेत, मावशी. बायको गेल्यापासून झोप नाही, पिठाची गिरणी उघडायला हात उठत नाही. त्याच डॉक्टरांकडं आलोय."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"तुम्हीच सांगा त्यांना. माझा त्रास वाचेल."

तो उठला आणि सगळ्यांच्या देखत त्या दारातून आत गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मागे पाहिलं. "सोबत कोण आलंय?"

"सोबत होती ती गेली," हरबा म्हणाला. "आता मला बरं व्हायचंय."